हरिपूरच्या पेवातला स्फटिक

अबई आमच्याकडं कुणी मुद्दाम लावत नाही. कुंपणाच्या कडेला एखादी बी पडते, वेल बाभळीवर चढतो आणि हातभर लांब शेंगा लोंबायला लागतात. कोवळ्या आहेत तोवर आठवड्यातून एकदा भाजी होते. शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, कारण जून बी खाल्ली तर पोट बिघडतं. असल्या बिनकामाच्या बियांपायी मी ऐन उमेदीची दोन वर्षं घालवली, आणि त्यानंतर जे वागले ते आजवर कुणापाशी बोलले नाही.

आमचं घर रहिमतपूरजवळ. वडील पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले, थोडा ऊस, थोडं आलं. आम्ही भावंडं त्यांना तात्या म्हणायचो. मी सांगलीला कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, खोली घेऊन एकटी राहायची, आणि माझ्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. फटकळ म्हणून माझी ख्यातीच होती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, बघा.

आणीबाणीच्या शेवटाशेवटाला कॉलेजात एक शिबिर झालं, त्याला बंगळूरहून एक सर आले होते. त्यांनी सांगितलं की अबईच्या बीत एक प्रथिन असतं आणि ते साखर पकडतं. पेशीच्या अंगावर साखर असते, तिला ते बरोब्बर ओळखतं आणि धरून बसतं. रक्ताच्या थेंबात टाकलं तर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. आता ते साखर नेमकी कशी धरतं हे बघायचं तर त्याचा स्फटिक करायचा, तोही साखर धरलेल्या अवस्थेत, आणि त्यावर क्ष-किरण सोडून फोटो काढायचा. नुसत्या प्रथिनाचा नकाशा परदेशात झालेला होता. साखर धरून बसलेल्याचा चांगला स्फटिक भल्याभल्यांना मिळत नव्हता. सर हसत म्हणाले, तुमच्या कुंपणावर उगवतं ते, तुम्हीच करा की. त्यांनी ते गमतीनं म्हटलं असणार, पण मी मनावर घेतलं आणि सहा महिन्यांत त्यांच्याकडं पीएच.डी.ला नाव नोंदवलं.

कॉलेजनं दोन वर्षांची रजा दिली. अट साधी होती. रव्याच्या कणाएवढा एक धड स्फटिक, आत साखर धरलेला, रजा संपायच्या आत बंगळूरला पोचवायचा. पोचला तर पुढचं सगळं सरांच्या यंत्रावर होणार होतं. नाही पोचला तर मी पुन्हा डेमॉन्स्ट्रेटर, पोरांना परीक्षानळ्या मोजून देणार आणि फुटल्या की दंड लावणार. घरात चुलते म्हणाले, पोरीचं वय चाललंय आणि ही शेंगा काय वाटत बसलीय. मी ताटावरून उठले. तात्यांनी माझ्या मागं विषय मिटवला, तिला काय करायचंय ते करू दे, मी आहे, एवढंच म्हणाले म्हणे. मला आईनं नंतर सांगितलं.

कामाचं काय सांगू. बिया तात्या पोत्यानं पाठवायचे, निवडून, पाखडून, किडकी एक नाही. त्या दळायच्या, मिठाच्या पाण्यात भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या. मग अमोनियम सल्फेट घालून साका बसवायचा, तो पुन्हा विरघळवून सेलोफेनच्या नळीत बांधून पाण्यात सोडायचा. हे सगळं थंडाव्यात करायचं असतं. आमच्याकडं थंडावा म्हणजे प्राणिशास्त्राचा फ्रीज, बेडकांच्या शेजारी दोन फळ्या. वीज गेली की मी टांगा करून बर्फाच्या कारखान्यावर जायची आणि भुशात गुंडाळलेली लादी मांडीवर घेऊन यायची. प्रथिन उतरलं का नाही हे बघायला रक्त लागायचं, ते माझ्याच बोटाचं. डाव्या हाताची बोटं चाळणी झाली होती.

साखरेशिवायचे स्फटिक पहिल्या वर्षी झाले. खरं सांगते, त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटी होते आणि मोठ्यानं हसले. काचेच्या जाड पट्टीत खळगे असतात, खळग्यात प्रथिनाचा थेंब ठेवायचा, पट्टी डब्यात, डब्याच्या तळाला मिठाचं पाणी, झाकणाला व्हॅसलीन. थेंबातलं पाणी हळूहळू कमी होतं आणि नशीब असलं तर स्फटिक बसतो. नशीब होतं. मग मी सरांनी दिलेल्या बाटलीतली साखर, बाजारची नाही, परदेशातून आलेली, चिमटीभर, ती विरघळवून एकेका स्फटिकाला द्यायला लागले. दिली की पाच मिनिटांत स्फटिकाला चीर जायची. दहा मिनिटांत चुरा. मी एकदा पातळ केली, दोनदा पातळ केली, थेंबाचा चौथा हिस्सा दिला. सगळे फुटले. प्रथिन साखर धरताना अंग हलवतं, आणि स्फटिकात तर सगळी एकमेकांना टेकून उभी असतात, एक हललं की सगळा डोलारा खाली येतो. सरांचं पत्र आलं की तयार स्फटिकाला साखर देऊ नका, आधीच दोन्ही एकत्र करून थेंब ठेवा. त्याच पत्रात खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती. काहीही दिसलं तरी हुरळू नका, आधी सुईनं टोचून बघा, प्रथिन असेल तर मऊ चिरडेल आणि मीठ असेल तर कट्कन तुटेल.

एकत्र ठेवल्यावर नुसती लापशी व्हायची. दुसरं वर्ष असंच गेलं. आमच्या प्रयोगशाळेवर पत्रा होता, मार्च लागला की दुपारी माणूस भाजून निघायचा आणि पहाटे गारठा. इतकी उलटापालट स्फटिकाला सोसत नाही. मी खोलीवर येऊन भिंतीशी बोलायची. साखर घेत नाही मेला, साखर घेत नाही, एवढंच माझ्या तोंडात असायचं. रजेचे तीन महिने उरले होते.

अशात तात्या बियांची पिशवी घेऊन सांगलीला आले. मी रडत नव्हते, पण बोलत होते त्यावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काय पाहिजे काय तुला, असं विचारलं. मी चिडून म्हटलं, अशी जागा पाहिजे जिथं दिवस-रात्र कळत नाही, ऊन नाही, थंडी नाही, धक्का नाही. आहे का तुमच्याकडं? तात्या म्हणाले, हाय की.

हरिपूर सांगलीला लागूनच. तिथं हळद जमिनीखाली ठेवतात. पेव म्हणजे तोंड माणूस उतरेल एवढं आणि पोट केवढं तरी मोठं, पुरुष-दोन पुरुष खोल, आत पाचट आणि चटया लावलेल्या. हळद भरली की तोंड मातीनं लिंपून टाकतात आणि वरून रस्ता गेला तरी आतल्या मालाला पत्ता नसतो. तात्यांच्या पलटणीतले एक सोबती तिथले, त्यांची चार पेवं होती. मी त्यांना काका म्हणायला लागले. ऐन हंगामात, गाड्यांवर गाड्या हळद येत असताना, त्या माणसानं एक पेव रिकामं ठेवलं. मला वाटलं दोस्ती मोठी आहे. तात्यांनी त्यांच्यापाशी किती शब्द खर्च केले असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आत हवा कोंडलेली असते, माणूस जातो. आधी दोरीनं कंदील सोडतात, तो विझला नाही तरच पुढचं. काकांनी कंदील सोडला, अर्धा दिवस तोंड उघडं ठेवलं, पुन्हा सोडला. मग तात्या स्वतः उतरले, साठी उलटलेला माणूस, आणि तळाशी वाळू अंथरून तिच्यावर पाट बसवला. मी डबा दोरीनं खाली सोडला. बारा खळगे, बारा थेंब. तात्यांनी तो दोन्ही हातांनी झेलला. वर येऊन घाम पुसत ते म्हणाले, बाळंतिणीची खोली केलीय बघ तुझी. तोंडावर फरशी टाकली, फटी मातीनं बुजवल्या, आणि मी सांगितलं की वीस दिवस याला कुणी हात लावायचा नाही.

तात्या ते वीस दिवस हरिपुरातच राहिले. शेजारी चिंचेखाली बाज टाकली आणि बसले. हमाल पोती घेऊन जवळून गेले तरी ते उठून हात आडवा करायचे. आलं तिकडं शेतात पडून होतं, चुलते बोंबलत असणार, पण तात्या काही बोलले नाहीत. मी संध्याकाळी चक्कर मारायची, तर ते मला विचारायचे, हे साखर धरतं म्हणजे काय करतं गं? मी थकलेली असायची. धरतं म्हणजे धरतं तात्या, हाताला चिकटते की नाही साखर, तसं. मग सोडत न्हाई व्हय? नाही सोडत. पण घेईल तर ना, साखर घ्यायलाच तयार नाही ते. असं मी पाच-सहा वेळा तरी म्हटलं असेन. ते मान हलवायचे आणि बिडी पेटवायची तर उठून पेवापासून लांब जायचे.

विसाव्या दिवशी सकाळी फरशी काढली. कंदील सोडला, वाट बघितली, तात्या उतरले, डबा वर आला. मी काकांच्या ओसरीवर उन्हात बसून झाकण काढलं आणि भिंग लावलं. पहिल्या चार खळग्यांत लापशी. पाचव्या-सहाव्यातही लापशी. सातव्यात तो होता. स्वच्छ, कडा रेखलेल्या, आरपार दिसणारा. बाकीचे खळगे मी धड पाहिलेच नाहीत. मी भिंग मांडीवर ठेवलं.

मी म्हणाले, "तात्या, आला."

त्यांनी वाकून बघितलं. त्यांच्या डोळ्यांना काही दिसलं नसणार, रव्याचा कण तो. तरी ते बराच वेळ बघत राहिले. मला सुईची ओळ आठवली होती, हे मी कबूल करते. पण एकुलता एक स्फटिक, तो टोचून फोडायचा? मी म्हटलं, गेली ती सुई खड्ड्यात. सरांना तार करायची होती, आणि स्फटिक उचलायला केसासारखी बारीक काचनळी आणि मेण कॉलेजात होतं. मी झाकण नुसतं ठेवलं, तात्यांना सांगितलं की इथून हलू नका, आणि टांगा करून सांगलीला गेले. तारेत मी लिहिलं, स्फटिक मिळाला, निघते. शेवटच्या शब्दाची गरज नव्हती.

आता आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे. नवा बैल आला, विहिरीवर इंजीन बसलं, भावाला भरतीचं पत्र आलं, की माणसांच्या आधी त्या वस्तूचं तोंड गोड करायचं. बैलाच्या जिभेवर साखर, इंजिनावर चार दाणे, पत्राच्या कागदावरसुद्धा चार दाणे आणि दोन थेंब पाणी. जो आला त्याला आधी, मग आपण. तात्यांनी हे कधी चुकवलं नाही. लहानपणी आम्ही मुलं इंजिनावरची साखर चाटायला धावायचो.

मी दीड तासानं परत आले तर ओसरीवर तात्या डब्यासमोर मांडी घालून बसले होते. शेजारी काकांच्या घरातून मागून आणलेली साखरेची वाटी होती. झाकण बाजूला होतं. ते इतके खुशीत होते की मला बघून उठले.

"घेतली बघ त्यानं," ते म्हणाले. "सगळी घेतली. तू म्हनत हुतीस न्हवं, साखर घेत न्हाई म्हनून? चिमूटभर टाकली आन वर दोन थेंब पानी. हळूहळू घेतली गं."

सातवा खळगा काठोकाठ भरून वाहिला होता. आत गढूळ पाणी होतं आणि काठाला चिकट ओघळ. भिंग लावलं, फिरवलं, पट्टी तिरकी करून बघितली. काहीच नव्हतं. डोळ्यांसमोर गेल्या वर्षीचे सगळे फुटलेले स्फटिक आले.

मग माझं तोंड सुटलं. घरात मी तात्यांशी गावच्या बोलीत बोलायची. त्या दिवशी मी मुद्दाम शहरी, पुस्तकी मराठीत बोलले, त्यांना परकं करायला. काका, त्यांची बायको, चार हमाल, सगळे ऐकत होते.

"तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी म्हणाले. "आयुष्यभर साहेबांचे बूट पुसलेत, तुम्हाला यातलं काय कळतं? माझा जन्म मातीत घातलात तुम्ही."

काका पुढं होऊन काहीतरी म्हणायला लागले, तात्यांनी त्यांना हातानंच थांबवलं. ते खाली बसले, वाटीतली उरलेली साखर सांडू नये म्हणून वाटी उचलून कडेला ठेवली, आणि मग म्हणाले, "चुकलं गं." दुपारच्या गाडीनं ते रहिमतपूरला गेले. त्यांची वळकटी मी बांधून दिली नाही. स्टेशनवरही गेले नाही.

डबा तसाच घेऊन मी कॉलेजात आले. पट्टी धुवून टाकायची म्हणून उचलली, आणि कसं कोण जाणे, उरलेले खळगे एकदा मायक्रोस्कोपखाली धरावे असं वाटलं. दहाव्या खळग्यात दोन होते. अकराव्यात एक. लहान, पण तस्सेच, त्याच कडा, तोच कोन, सातव्यातल्याची सख्खी भावंडं. क्षणभर मला देव आठवले. मग मी सुई घेतली, कारण आता तीन होते, एक फोडायला हरकत नव्हती.

कट् असा आवाज झाला. इतका बारीक की दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. मी दुसरा टोचला. तोही तसाच. तिसराही.

मीठ होतं. प्रथिनाला साखर धरायला थोडं कॅल्शियम लागतं, ते मी थेंबात घातलेलं होतं. थेंबाची आम्लता राखायला घालायचं ते नेहमीचं अ‍ॅसिटेट संपलं होतं म्हणून शेवटच्या खेपेला मी फॉस्फेट वापरलं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की मीठ बसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः शिकवत होते. उतावळेपणात माझ्या ध्यानात आलं नाही. पेवाची शांतता, तात्यांचे वीस दिवस, काकांचं ऐन हंगामातलं रिकामं पेव, सगळं त्या मिठाच्या कामी आलं होतं. सातव्यातला तेवढा वेगळा असेल, तो खरा असेल, असं मी मनाला सांगून पाहिलं. खोटं होतं ते. मी कडा पाहिल्या होत्या. तो नुसता साखरपाण्याच्या ओघळाबरोबर वाहून गेला होता.

तात्यांनी काही बिघडवलं नव्हतं. बिघडवायला तिथं काही नव्हतंच.

त्या दिवशी कार्ड टाकता आलं असतं. रहिमतपूरला कार्ड दुसऱ्या दिवशी पोचायचं. मी कार्ड घेतलं, आणि सरांना पत्र लिहिलं. लिहिलं की स्फटिक उत्तम होता, परंतु घरच्या माणसाकडून अनवधानाने अपघात झाला. ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. दोन वर्षं हाताला काही लागलं नाही, असं लिहावं लागलं असतं तर माझ्यानं ते लिहवलं नसतं. एक झाला होता आणि गेला, हे लिहिता आलं. सरांचं उत्तर फार मायेचं आलं. त्यांनी लिहिलं की एकदा झाला म्हणजे पुन्हा होईल, निराश होऊ नका. ते पत्र मी ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

पुन्हा काय होणार होतं? जे एकदाही झालं नव्हतं ते? मी हात टेकले नाहीत, उरलेले दिवस बैलासारखी राबले, अ‍ॅसिटेट मागवलं, थेंब ठेवले. पेव मागायला हरिपूरला जायचं तोंड मला नव्हतं. पत्र्याखाली लापशी झाली. जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि मी हजर झाले. पहिल्याच दिवशी एका पोरानं तीन परीक्षानळ्या फोडल्या आणि मी त्याला काही बोलले नाही. लोकांना वाटलं, बाई मऊ झाल्या.

दिवाळीला घरी गेले. तात्या नेहमीसारखे वागत होते, पण माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हते. कुंपणावर अबई नव्हती. आई म्हणाली, तुझा बाप मुळासकट काढून आला, मी इचारलं तर बोलला न्हाई. फराळाला चुलते आले. त्यांनी चकलीचा तुकडा मोडत विषय काढला, की दोन वर्षं पगारावर पाणी सोडून पोरीनं शेवटी मिळवलं काय. मी तोंड उघडायच्या आत तात्या बोलले. मला वाटतं ते वाक्य त्यांनी गावात आधीही बऱ्याच जणांना ऐकवलेलं असावं, इतकं ते सरळ आलं.

"तिची चूक न्हाई," ते म्हणाले. "तिनं केलं हुतं. लय मोठं काम हुतं. म्या घालवलं."

आई माझ्याकडं बघत होती. माझ्या हातात चहाची बशी होती. मला सांगता आलं असतं, मीठ होतं ते, तात्या, माझं चुकलं. घरातलीच माणसं होती. चुलत्यांनी दोन दिवस चिडवलं असतं, मग विसरले असते. मी बशीतला चहा फुंकर घालून प्यायले. त्यानंतर दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचं आणि दरवर्षी तात्या तेच सांगायचे. मी तिथं असले तर उठून आत जायची. लोक म्हणायचे, अजून जिव्हारी लागतंय तिला.

लाज वाटते म्हणून भागत नाही. माझ्या हातात होतं आणि मी दिलं नाही.

तात्यांचं शेवटचं आजारपण साताऱ्याला झालं, दवाखान्यात. मी रजा टाकून जवळ होते. त्यांना अन्न जात नव्हतं, बोलणं थोडं होतं. एका दुपारी आई डबा आणायला गेली होती, आम्ही दोघंच होतो. मी त्यांचे पाय चेपत होते. ते छताकडं बघत होते, मला वाटलं झोप लागतेय.

"पोरी," ते म्हणाले, "तसला दुसरा झाला नसता का गं कवा?"

मी हात थांबवले. त्यांना काय पाहिजे होतं ते मला कळलं. त्यांना एवढंच ऐकायचं होतं की ते फार काही मोठं नव्हतं, गेलं तर गेलं. आणि माझ्याकडं त्याहून चांगलं होतं, खरं होतं, सांगायला श्वासभर वेळ लागला असता. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"नाही तात्या," मी म्हणाले. "तसला एकच होता."

त्यांनी हळूच मान हलवली आणि भिंतीकडं कूस वळवली.